बाज्याच्या पोटातला ऐवज

लग्नाच्या वरातीत पितळी बाज्यातून जे बाहेर पडतं त्याला लोक सूर म्हणतात. म्हणू देत. मी ते बाजे उलटे करून पाहिलेले आहेत.

वर्ध्याला माझं भांड्यांचं दुकान, राहायला बोरगाव मेघे. पोट भरतं स्टीलवर, पण आजोबांपासून पितळेचं काम हातात असल्यामुळे जिल्ह्यातले झाडून सगळे बँडवाले आपले चेपलेले बाजे पोचे काढायला माझ्याकडेच आणतात. आणि इथेच वरच्याने माझी थट्टा केली, कारण माझ्याइतका किळसखोर माणूस सेलू ते हिंगणघाट शोधून सापडायचा नाही. लहानपणी मावशीने माझ्या पेल्यातून एक घोट प्यायला, तर मी तो पेला धाम नदीत सोडून आलो. पुढे तो आंध्रात एका कोळ्याच्या जाळ्यात सापडला म्हणतात. पंगतीत शेजारच्याने कढीचा भुरका मारला की माझं ताट संपलं. अशा माणसाच्या हातात बाजा येतो, मी तो पोचा बघायला तिरपा करतो आणि आतून अर्धी वाटी कोमट काहीतरी माझ्या पायावर पडतं. बँडवाले त्याला ‘पाणी’ म्हणतात. मी त्या चपला तिथेच सोडून अनवाणी घरी गेलेलो आहे, एकदा नव्हे.

माझा बालमित्र पवनारचा. शाळेत एका बाकावर बसायचो, तेव्हाही तो शाईचा पेन तोंडात धरायचा. तीस वर्षं तो एकाच बँडात मोठा बाजा वाजवतो. मोठा म्हणजे छातीशी कवटाळून धरायचा, कर्णा आकाशाकडे, आणि तो कर्णा एवढा की त्यात बाळाला आंघोळ घालावी. आणि तीस वर्षं त्याच्या उजव्या गालात खर्रा आहे. विदर्भाबाहेरच्यांना सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून घोटून केलेला तो एक ओलसर गुन्हा असतो. वाजवायची वेळ आली की माणसाने तो थुंकावा. हा थुंकत नसे. जिभेने गालात सरकवायचा आणि फुंकायचा. पुढे चालणाऱ्या करवल्यांच्या पाठीवर तपकिरी नक्षी उमटते ती कुठून येते, हे मी आजवर एकाही वधूपित्याला सांगितलेलं नाही.

गेल्या दसऱ्यानंतर तो दुकानात आला आणि पातेल्यांच्या चळतीला टेकून गप्प बसला. हा माणूस गप्प बसला की समजायचं, एक तर खर्रा ताजा आहे नाही तर घरात काही झालंय. झालं होतं बँडात. जुना मालक वारल्यावर पोराने कारभार घेतला, आणि पोराने आणला कीबोर्ड. हातगाडीवर जनरेटर, त्यावर कीबोर्ड, त्यावर पांघरलेली शाल. कीबोर्ड सुरात पक्का. त्याच्याशी याचा बाजा जुळेना. एक सूर खाली बसतो, दुसरा वर जातो. मालकाने सांगून टाकलं होतं की काका, तुमचे ओठ गेले. मोठा बाजा आता माझा साळा वाजवेल. तुम्ही मुक्यात उभे राहा.

मुका म्हणजे काय ते सांगायला हवं. लोक बँड ठरवतात तो माणसं मोजून. अकरा बाजे सांगितले की अकरा दिसले पाहिजेत, पण वाजवणारे अकरा मिळतात कुठे? म्हणून एकाला गणवेश चढवून हातात बाजा देतात. त्याने तो तोंडाला लावायचा, गाल फुगवायचे, बोटं हलवायची आणि एक फुंकर मारायची नाही. मी असा एक मुका पाहिलाय की वरातीतल्या बायकांनी त्यालाच ओवाळलं, एवढा तो तन्मय व्हायचा.

“तीस वर्षं वाजवून राह्यलो,” मित्र म्हणाला, “आन आता गाल फुगवून उभा राहू? त्यापेक्षा मले सरळ घोड्याच्या जागी जुंप म्हणा.”

निकाल केळझरला लागणार होता. तुळशीचं लग्न झालं की हा बँड केळझरच्या गणपतीपुढे मोसमातलं पहिलं वादन करतो, अकरा बाजे, कमी नाही, जास्त नाही. जुन्या मालकाचा नवस. तिथे हा आणि साळा, दोघांनी कीबोर्डसोबत वाजवायचं. जुळेल तो मोठा बाजा वाजवेल, उरेल तो मुका.

आता यात माझी भाची कशी आली ते ऐका. बहिणीची मुलगी, माझ्याकडे राहून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला प्रोजेक्ट हवा होता, आणि तिने धरला तो हाच: पितळी वाद्यातल्या हवेचं गणित. कॉम्प्युटरमध्ये बाज्याचा जुळा भाऊ बनवायचा आणि तो कोणत्या सुरांना हो म्हणतो ते आधीच सांगायचं. तिने मला समजावलं आणि मला समजलं, यावरून ती किती हुशार असेल ते बघा. बाज्यातली हवा म्हणजे झोपाळा. झोपाळ्याला त्याच्या ठेक्यात ढकललं तर तो उंच जातो, भलत्याच वेळी ढकललं तर ढकलणाऱ्याचे दात पाडतो. बाज्यातल्या हवेचे असे सात-आठ ठेके असतात. ओठ त्यातल्या एकावर बरोबर थरथरले की बाजा बोलतो. आणि ठेके कोणते, हे ठरतं नळी कुठे किती रुंद आहे त्यावर. म्हणून ती बाज्याच्या दुधी भोपळ्यासारख्या चकत्या करायची, कॉम्प्युटरमध्ये, आणि प्रत्येक चकती पुढच्या चकतीला हवा कशी देते त्याचा हिशेब लावायची. शेवटी पडद्यावर डोंगररांग निघायची. एकेक शिखर म्हणजे एकेक सूर.

मी म्हटलं, मग तर सोपं आहे. मित्राचा बाजा मोजू. खोट बाज्यात निघाली तर मालकाचं तोंड बंद.

मित्राने बाजा आणून दिला. मी हातात पॉलिथिन घालून धरला. भाचीने दोरा आणि कॅलिपर घेऊन तोंडापासून कर्ण्यापर्यंत इंचाइंचाला बाहेरून माप घेतलं, पत्र्याची जाडी वजा केली, आकडे भरले आणि डोंगररांग काढली. आम्ही तिघे पडद्यासमोर. बायको चहा घेऊन उभी. भाचीने शिखरं पाहिली, परत पाहिली आणि हळू आवाजात म्हणाली, “काका, बाजा बरोबर आहे. सगळे सूर जागेवर आहेत.”

म्हणजे ओठ गेले. मित्राने चहा बशीत ओतला आणि प्यायलाच नाही. मग उठला, बाजा न घेताच दाराबाहेर गेला आणि जाताना मला म्हणाला, “राहू दे तुह्यापाशीच. भांडं म्हून विकजो.” मी जन्मात पहिल्यांदा स्वतःचीच शिसारी अनुभवली. माणसाचा निकाल लावायला मीच यंत्र बोलावलं होतं.

भाचीला मात्र प्रोजेक्ट पुरा करायचा होता. गणित खरं की खोटं ते तपासायला खरा बाजा मोजावा लागतो, ओठांशिवाय. तिने मोबाइलचा एक छोटा स्पीकर बाज्याच्या तोंडाला बसवला, शेजारी बारकासा माइक, आणि खालपासून वरपर्यंत सगळे सूर एकसारखे आत सोडले. बाजा कुठे जास्त घुमतो ते कॉम्प्युटर लिहून घेतो. न कोणाचे ओठ, न कोणाचा गाल. आणि जी डोंगररांग आली ती पहिलीशी जुळेना. दुसरं शिखर खाली घसरलेलं, चौथं वर सरकलेलं. अगदी मालक म्हणत होता तसंच, आणि या वेळी मित्र पवनारला होता, बाजा बोरगावला.

तीन दिवस तिने प्रोग्राम उलटापालटा केला. जेवायला बसली की वरणात बोटाने नळ्या काढायची. चौथ्या दिवशी दुकानात आली.

“मामा, मी नळी बाहेरून मोजली. आतून ती रिकामीच असते ना?”

मी आधी हसलो. मग मी खाली बसलो. तीस वर्षांच्या खर्रेबाजाचा बाजा, आणि पोरीने तो रिकामा धरला होता. आणि एक गोष्ट मला माहीत होती जी तिला नव्हती. हा बँड आपले बाजे कधी धूत नाही. पहिल्या उस्तादाने सांगून ठेवलंय, बाजा धुतला की सूर वाहून जातो. उलट दसऱ्याला शस्त्रांसारखी बाज्यांची पूजा होते, हळदकुंकू, अक्षता, आणि नैवेद्य म्हणून प्रत्येकाच्या तोंडात एक पळी गुळाचं पाणी. बाज्याच्या तोंडात. वाजवणाऱ्याच्या नव्हे. पळीला पळी, तीस दसरे.

मी हे सांगत असताना भाचीचा चेहरा हिरवा झाला, पण डोळे चमकत होते. शास्त्र शिकलेल्यांचं हे असं असतं, त्यांना एकाच वेळी ओकारी आणि आनंद होऊ शकतो. ती घरी गेली आणि कॉम्प्युटरमधल्या जुळ्या भावाच्या नळीत एकेका जागी बूच घालत सुटली. नळीत हवा जिथे जास्त पळते तिथे अडथळा आला तर सूर उतरतो, जिथे ती नुसती दाबली जाते तिथे आला तर चढतो. त्यामुळे कोणता सूर किती बिघडलाय यावरून बूच कुठे आहे ते कळतं, म्हणे. संध्याकाळी तिने बाज्यावर स्केचपेनने फुली मारली. पहिल्या वळणाच्या अलीकडे, तोंडापासून हातभर. “इथे आहे. नळी अर्ध्याहून कमी उरलीय.”

न उघडता! आमचे डॉक्टर पोटात कॅमेरा घालूनही एवढं नक्की सांगत नाहीत.

मित्राला बोलावलं. बाज्यात एक सरकवायची नळी असते, बाहेर ओढली की सूर उतरतो; ती गुळाने अशी बसली होती की मी आणि तो दोन टोकांना धरून खेचत अंगणभर फिरलो, बैलांची जोडीसुद्धा एवढी ओढत नाही. शेवटी उकळतं पाणी आणि सोडा ओतला, तोंडावर गमछा बांधला आणि दोरीला चिंधी बांधून आरपार ओढली.

यापुढचं जेवताना वाचू नका. आधी आवाज आला. मग वास. मी चामड्याच्या कारखान्याशेजारी उन्हाळा काढलेला माणूस आहे, पण हा वास वेगळा होता, या वासाला वय होतं. शेजारचं मांजर कुंपणावरून उठलं ते पुन्हा त्या गल्लीत आलं नाही, आता ते म्हसाळ्यात असतं. आणि मग ते बाहेर आलं. वीतभर लांब, काळं, चकचकीत, वळणाच्या आकाराचं वळलेलं, मऊही नाही आणि टणकही नाही. त्यात सुपारीचे तुकडे दिसत होते, आख्खे. मुंग्या होत्या, पिढ्यान्पिढ्यांच्या. तांदळाच्या दोन अक्षता होत्या, कुंकवासकट. मी नळाकडे धावलो आणि सकाळचं सगळं तिथे सोडलं, मग आदल्या रात्रीचं, आणि मला वाटतं शेवटी थोडं बारशाचंही निघालं.

वळून पाहतो तर मित्र उकिडवा बसून त्या वस्तूकडे बघतोय. काडीने हळूच हलवतोय.

“हे माह्यात होतं?” तो म्हणाला.

“तुझ्यात नाही, बाज्यात,” मी गमछ्यातून ओरडलो.

“तेच म्हणतो ना बे. म्हंजे ओठ गेले नाईत माये.”

असं म्हणून तो रडला. मला सांत्वनासाठी पाठीवर हात ठेवायचा होता, पण त्याने त्याच हातांनी ती काडी धरली होती, म्हणून मी लांबूनच ‘असू दे, असू दे’ केलं. माझ्या मैत्रीची धाव तेवढीच.

पुन्हा स्पीकर लावला. डोंगररांग गणिताशी अशी जुळली की भाचीने टाळी वाजवली. आणि मग मित्राने बाजा छातीशी घेतला, फुंकला, आणि तो बेसूर होता. आता उलट्या बाजूने. तीस वर्षं बिचाऱ्याचे ओठ पडलेल्या सुराला वर ओढत होते आणि चढलेल्याला खाली दाबत होते, त्यालाही न कळत. आता ओढायला काही नव्हतं, तरी ते ओढतच होते. दरवाजा उघडाच आहे आणि आपण खांद्याने धक्का द्यावा तसा तो प्रत्येक सुरात जाऊन आपटत होता.

केळझरला पंधरा दिवस उरले होते. भाचीने त्याच्या मोबाइलमध्ये सूर दाखवणारा काटा टाकून दिला. तो रोज सकाळी धामच्या काठी बसून एकेक सूर काट्यावर आणायचा. वाजवण्याआधी खर्रा थुंकायची अट भाचीने घातली, आणि ज्याने तीस वर्षं बायकोचं ऐकलं नाही त्याने पोरीचं ऐकलं. पवनारच्या म्हशींनी त्या पंधरा दिवसांत दूध कमी दिलं असं गवळी सांगत फिरायचा; काही म्हशी मात्र सुरात हंबरायला लागल्या, हे तो सांगत नाही.

केळझरला आम्ही टेकडीच्या पायथ्याशी उभे होतो. भाची, मी, आणि अकरा लाल-पिवळे कोट, ज्यांच्या बगलेत मागच्या मोसमाचा घाम अजून शाबूत होता. आधी साळ्याने वाजवलं. साळा म्हणजे पंचविशीतला गडी, बँडाच्या कोठीतला कोणता तरी बेवारस बाजा त्याला दिलेला, आणि गालात खर्रा एवढा की बोलताना ‘प’ आणि ‘म’ त्याला परवडत नव्हते. त्याचं ठीक झालं. मग मित्राने वाजवलं. कीबोर्डवर सूर, बाज्यावर सूर, दोन्हीत केसभर फट नाही. भाचीने माझं मनगट एवढं दाबलं की घड्याळ थांबलं.

पण मग बाकीचे नऊ वाजवायला लागले आणि सगळ्यांना एकदम कळलं की जुळत नाहीत ते हे नऊ. त्यांच्याही पोटात तोच ऐवज, तेच दसरे. आजवर मोठ्या बाज्याचा आवाज मोठा म्हणून खापर एकट्याच्या डोक्यावर फुटत होतं. मी मालकाकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी म्हणेल की बाजे धुवा. तो म्हणाला, “थांबा.” आणि त्याने कीबोर्डचं एक बटण दाबत दाबत अख्ख्या कीबोर्डचा सूरच खाली उतरवला, त्या नऊ तुंबलेल्या गटारांपर्यंत. मला बाज्यातल्या ऐवजाची जेवढी किळस आली नव्हती तेवढी त्या बोटाची आली. मग मित्राकडे वळून म्हणतो कसा, “काका, आता तुमचा चढून राह्यला.”

सोडवलेली नळी मित्राने चिमटीत धरून बोटभर बाहेर सरकवली, काट्याकडे न बघता फुंकली आणि त्या नवाच्या पंगतीत जाऊन बसला. मालकाने दोनदा वाजवायला लावलं, तिसऱ्यांदा लावायची त्याची हिंमत झाली नाही. देवळातले पुजारी वरून ऐकत होते.

“बरं, वाजवा तुम्ही,” मालक म्हणाला. “साळेबुवा, तुम्ही मुक्यात या.”

साळेबुवांनी बाजा जमिनीवर ठेवला, कोट काढून त्यावर टाकला आणि जीपमध्ये जाऊन काच वर केली. बहिणीला फोन लावल्याचं काचेतून दिसत होतं. उरले दहा. अकराशिवाय गणपतीपुढे बाजा वाजत नाही. मालकाला तर आयती सोय झाली, म्हणाला, काका, एक माणूस कमी आहे, आज राहू द्या, पुढचं पुढे पाहू. पुढचं म्हणजे साळ्याची समजूत काढून मोठा बाजा त्याच्याकडे, हे मित्राला कळलं, मला कळलं. आज जो वाजवेल तो मोसमभर वाजवणार होता. मित्राने माझ्याकडे पाहिलं नाही. तो मला ओळखतो, म्हणून मुद्दाम पाहिलं नाही. तेच मला सहन झालं नाही.

मी कोट उचलला. आतून ओला होता. चढवला.

माझा बेत होता की बाजा ओठांपासून बोटभर लांब धरायचा आणि गाल फुगवायचे. पहिलीच ओळ चालू झाली आणि मालक मागून ओरडला, “शेटजी, फट दिसून राह्यली. टेकवा.” भाची समोर उभी राहून दोन्ही हातांनी तोंड झाकून होती, ती हसत होती की काय ते मी विचारलेलं नाही. मी डोळे मिटले, कुलदेवतेला जेवढं आठवलं तेवढं आठवलं, आणि साळ्याच्या गालातून नुकतंच सुटलेलं ते कोमट पितळ ओठांना लावलं. चवीचं वर्णन मी करणार नाही. माझ्या मुलांनीही हे वाचायचं आहे.

शेजारी मित्राने पहिला सूर लावला. आणि माझा बाजा, ज्यात मी फुंकर मारली नव्हती, तो आपोआप गुणगुणला. भाचीने नंतर सांगितलं, एका बाज्याचा ठेका दुसऱ्याच्या ठेक्याशी जुळला की त्यातली हवा आपणहून हलते. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की माझ्या ओठांना मुंग्या येतायत, मित्राचा सूर कर्ण्यातून शिरून माझ्या दातांपर्यंत आलाय, आणि तीस वर्षांत मी पहिल्यांदा त्याचं वादन इतक्या जवळून ऐकतोय. डोळ्यांत पाणी आलं म्हणतात ते खरं.

मग त्याने खालचा सूर लावला, मोठा, भरलेला, आणि माझ्या बाज्याच्या पहिल्या वळणाच्या अलीकडे, तोंडापासून हातभर अंतरावर, आतलं काहीतरी सैल झालं आणि सावकाश माझ्या दिशेने निघालं. गाणं अजून दोन कडवी बाकी होतं. मी गाल फुगवून उभा होतो.